सोमवारची मरगळ: आळस, पाप की आणखी काही?



पोर्तुगीज भाषेत सोमवारला ‘सेगुंदा-फेरा’ म्हणतात, म्हणजे दुसरा वार. मंगळवार तिसरा, बुधवार चौथा, असे मोजत शुक्रवारी सहावर थांबायचे. पोर्तुगालच्या उत्तरेला ब्रागा येथे सहाव्या शतकात मार्टिन नावाचे एक बिशप होते. ख्रिस्ती माणसाने वारांना रोमन देवदेवतांची नावे देऊ नयेत असे त्यांचे मत होते, आणि वार नुसते मोजण्याची ही रीत त्यांच्याच नावावर सांगितली जाते. गोव्याच्या सरकारी कागदांवर १९६१ पर्यंत हेच वार चालले. आमच्या पेडणे-डिचोलीकडे, म्हणजे नव्या काबिजादीत, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाबरोबर आले.

या मोजणीत एक गोष्ट सहज लक्षात येते. सोमवार दुसरा, तर पहिला कोण? रविवार. चर्चच्या हिशेबात रविवार हा आठवड्याचा शेवट नसून सुरुवात आहे. आपण मात्र त्याला ‘वीकएंड’ म्हणतो, शनिवारी दुपारी त्यात शिरतो आणि रविवारी संध्याकाळी तेर्स संपता संपता उद्याच्या बसची, साहेबाच्या चेहऱ्याची नि अपुऱ्या राहिलेल्या कामाची आठवण येऊन गप्प होतो.

हे सगळे मांडायचे कारण म्हणजे दृढीकरणाच्या वर्गात आलेला एक प्रश्न. सात मुख्य पापे शिकवून झाली होती: गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. एका मुलीने विचारले, “टीचर, माझ्या पप्पांना सोमवारी सकाळी उठावेसेच वाटत नाही. तोंड धुऊन तसेच बसून राहतात. मम्मी म्हणते, हा आळस आहे, कबुलीत सांगा. ते पाप आहे का?” वर्गात कोणी हसले नाही. बऱ्याच मुलांच्या घरी असा एखादा पप्पा किंवा मम्मी असावी. त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यामागे सोळाशे-सतराशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी रविवारचेच पाहू. पहिल्या ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हती. रोमन साम्राज्यात आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. यहुदी लोक शब्बाथ पाळत, बाकीच्यांना सण आणि बाजाराचे दिवस. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय. त्यात तो सांगतो की हे लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन गातात आणि मग पांगतात. तो ठरलेला दिवस रविवारच असावा असे अभ्यासक मानतात. उजाडण्यापूर्वीच का? कारण उजाडल्यावर कामाला जायचे असे. त्यांत गुलाम होते, मोलकरणी होत्या, कारागीर होते. प्रभूचे पुनरुत्थान साजरे करून ती माणसे त्याच दिवशी, तशीच अर्धवट झोपेत, मालकाच्या दारी हजर होत. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारी न्यायालये आणि शहरातले धंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते, कारण पेरणीचा दिवस हुकमाची वाट पाहत नाही. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे आपल्या पूर्वजांच्या रविवारी भक्ती होती, विश्रांती नव्हती.

आपल्या मराठी मुलखात कामगाराला रविवार कसा मिळाला, ही गोष्ट आपल्या किती चर्चमध्ये सांगितली जाते मला ठाऊक नाही. १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफांचा सण पाळतो. तो पोप पायस बारावे यांनी १९५५ साली सुरू केला. त्या दिवशीच्या प्रवचनात नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव मी तरी ऐकलेले नाही, आणि ते यायला हवे असे माझे मत आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घरची गरिबी. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. तिथे त्यांनी जे पाहिले ते त्यांना सोडवेना. विजेचे दिवे नव्हते, म्हणून गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही मोठी. आठवड्याची हक्काची सुट्टी मोठ्या माणसांना नव्हतीच. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या होत्या, त्यांच्या आईबापांना एकही नाही. कोकणातून, रत्नागिरीकडून, घाटावरून आलेली माणसे त्या यंत्रांपुढे उभी असत. आमच्या पेडण्याची हद्द ओलांडली की लागतो तो हाच मुलूख, त्यामुळे ही माणसे आम्हाला परकी नाहीत.

लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या वाचल्या तर आज आश्चर्य वाटेल इतक्या साध्या आहेत: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला काही आधार. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० सालची ही गोष्ट आहे, हे जरा थांबून मनात आणा. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

रविवारच का मागितला? साहेबाची कचेरी रविवारी बंद असे, हे एक. दुसरे कारण असे सांगतात की रविवार हा खंडोबाचा वार. म्हणजे आपण ज्या दिवशी मिस्साला जातो तो दिवस इथल्या कामगाराला मोकळा मिळाला त्यात एका सत्यशोधकाचे कष्ट आहेत आणि जेजुरीच्या देवाचाही वाटा आहे. मला यात काही अडचण वाटत नाही. देव कोणाच्या हातून काय देतो, याची यादी आपण ठेवू नये. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगच्या साथीत वारले. पन्नाशीही गाठली नव्हती.

आता रविवार आला, तसा त्याच्या पाठोपाठ सोमवारही आला. रोजच काम असलेल्याला कोणताही दिवस वेगळा जड वाटत नाही. एक दिवस घरच्यांबरोबर जेवल्यावर, मुलांना मांडीवर घेतल्यावर दुसऱ्या दिवशीचा भोंगा कानाला बोचतो. इंग्लंडात तर चांभार, विणकर अशा कारागिरांनी यावर आपला उपाय काढला होता. सोमवारी कामालाच जायचे नाही, आणि वर त्याला गमतीने ‘सेंट मंडे’ म्हणायचे, जणू काही कोणा संताचा सण! त्यातला बराच वेळ गुत्त्यात जाई. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांची शिस्त आली, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मिळू लागली, तशी ती प्रथा हळूहळू संपली. आणि जानेवारीतला तिसरा सोमवार वर्षातला सर्वांत उदास दिवस असतो, असा जो मेसेज दरवर्षी तुमच्या मोबाइलवर फिरतो, तो २००५ साली सहलींची जाहिरात करण्यासाठी तयार केलेला आहे. त्यात शास्त्र काही नाही, पुढे पाठवू नका.

आमच्याकडे जुन्या काळी आठवडा रविवारभोवती फिरतच नव्हता. तो बाजाराभोवती फिरे. म्हापशाचा शुक्रवार, डिचोलीचा बुधवार. सोमवार हा शेजारच्या हिंदू घरांत महादेवाचा, त्या दिवशी मासळी नाही, म्हणून मासेवालीचीही धावपळ कमी. आपल्या जुन्या भाविक प्रथेत सोमवार हा शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थनेचा वार. दफनभूमीत जाऊन मेणबत्ती लावायची, आपल्या मृतांची नावे घ्यायची. आमच्या पूर्वजांनी आठवड्याच्या कामाच्या तोंडाशीच मृतांना ठेवले होते, यामागे काही विचार असावा असे मला नेहमी वाटते. ज्याचे मन भरून आले आहे त्याला त्या दिवशी डोळे पुसायला हक्काची जागा होती.

पण डिचोलीतल्या माणसाला सोमवारबद्दल विचाराल तर तो वेगळेच सांगेल. शिरगाव, मये, लामगाव, पाळी, वेळगे या गावांत दोन पिढ्या लोहखनिजावर जगल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, चहाची टपरी, सगळे त्यावरच. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. मग काही काळ सुरू होऊन न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर १६ मार्चपासून पुन्हा बंद. खाणींनी डोंगर आणि शेते यांचे काय केले ते आम्ही पाहिलेले आहे. न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी सांगते आहे ते घरांबद्दल. हप्त्याचा ट्रक अंगणात उभा, त्यावर पावसाळ्यात शेवाळ चढलेले, आणि घरातला कर्ता माणूस सोमवारी सकाळी दाढी करून व्हरांड्यात बसलेला. जायला ठिकाण नाही. अशा घरांत आम्ही प्रार्थनेला गेलो आहोत. ‘सोमवार नकोसा वाटतो’ हे वाक्य तिथे उच्चारायचा धीर होत नाही. त्याच्या उलट आज पेडण्यात आहे. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, किनाऱ्यावर हरमल-मोरजीची हॉटेले आधीपासून आहेत. तिथल्या मुलामुलींचा रविवार कधी मंगळवारी येतो, कधी येतच नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे चर्चच्या कायद्यातच आहे, म्हणून त्यांना तेवढा तरी आधार. लोखंड्यांनी मिळवलेला दिवस असा एका बाजूने निसटतो आहे, याकडे आपण लक्ष द्यायला हवे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो ख्रिस्ती तपस्वी राहत. त्यांपैकी इव्हाग्रियस नावाच्या विद्वान तपस्व्याने (मृत्यू ३९९) मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यातल्या एकाचे ग्रीक नाव ‘अकेडिया’. त्याला ते ‘दुपारचा सैतान’ही म्हणत, स्तोत्र ९१ मधल्या उल्लेखावरून. वर्णन वाचले तर वाटेल, हा माणूस आपल्या ऑफिसात बसून लिहीत होता. सकाळी दहाच्या सुमारास हा सैतान येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे वाटू लागते. तपस्वी सारखा खिडकीतून पाहतो, जेवायची वेळ झाली का पाहतो, कोणी भेटायला येते का पाहतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, हातचे काम नकोसे होते, कोणाचे आपल्यावर प्रेम उरले नाही असे वाटते, घरची आठवण येते, दुसरीकडे गेलो असतो तर बरे झाले असते असे वाटते.

हे कोणाचे वर्णन आहे? आळशी माणसांचे नव्हे. घरदार सोडून रात्री जागून प्रार्थना करणाऱ्यांचे. त्यांच्यातल्या उत्तम माणसांना हे होत असे. इव्हाग्रियसचा सल्लाही कठोर नाही. तो म्हणतो, अशा वेळी मनाचे दोन भाग करा, एक रडणारा आणि एक त्याची समजूत घालणारा. स्तोत्र ४२ मध्ये भक्त स्वतःच्या जिवाला विचारतो ना, तू खिन्न का झालास, तसे.

ही यादी पुढे जॉन कॅसियन यांनी पश्चिमेकडे नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी ती सातांची केली आणि अकेडिया ‘खिन्नते’त मिसळून टाकली. मध्ययुगात ते नाव परत आले, पण अर्थ हळूहळू सरकत गेला. वाळवंटातली ती जड, कोरडी उदासी होता होता नुसता ‘आळस’ झाली. आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आज तोच शब्द आहे. शब्द चुकीचा नाही, पण अर्धा आहे. देवाचे आणि शेजाऱ्याचे काही देणे लागत नाही असे ठरवून हात झटकणे, हा आळस कबुलीत सांगण्याजोगा. मन उचलत नाही म्हणून बिछान्याच्या कडेला बसून राहिलेला माणूस वेगळा. दोघांना एकच शब्द लावला की दुसऱ्यावर अन्याय होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अकेडियाला पाप म्हटले खरे, पण साध्या दुःखावर उपाय सांगताना त्यांनी काय लिहिले पाहा: रडावे, मित्रांची सोबत घ्यावी, सत्याचे चिंतन करावे, आणि झोप घ्यावी, अंघोळ करावी! एवढा मोठा धर्मपंडित अंघोळ सांगतो, तर आपण लाजू नये. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा (१ राजे १९) दूताने त्याला प्रवचन दिले नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले.

वाळवंटातले उपाय बहुतेक हाताचे आहेत. संत अँथनी (१७ जानेवारीचे, आपले पादुआचे सांत आंतोन नव्हेत) असेच बेजार झाले असता त्यांना आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करीत होता, मग पुन्हा बसून वळत होता. तो देवदूत होता. असे कर म्हणजे तुझे तारण होईल, एवढेच त्याने सांगितले. कॅसियन यांनी लिहिलेली अब्बा पॉल यांची गोष्ट मला याहून आवडते. ते झावळ्या विणत. पण बाजार सात दिवसांच्या वाटेवर, नेण्याचा खर्च किमतीपेक्षा जास्त. तरी ते रोज ठरवलेले विणत, गुहा भरली की वर्षाअखेरी सगळे जाळून टाकत आणि पुन्हा सुरू करत. विकायचे नव्हतेच, मन जागेवर ठेवायचे होते. खाण बंद झाल्यावर रोज सकाळी उभ्या ट्रकचे बोनेट पुसणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना लोक हसत. मी हसले नाही, मला अब्बा पॉल आठवले.

एका ठिकाणी मात्र मी वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांशी सहमत नाही. तरुण कॅसियन एकदा अब्बा मोझेसना म्हणाले, काल मला अकेडियाने फार छळले, अब्बा पॉल यांच्याकडे धावलो तेव्हाच सुटलो. मोझेस म्हणाले, सुटला नाहीस, उलट तिचा गुलाम झालास, जागा सोडायची नव्हती. तपस्व्यांसाठी ते ठीक असेल. आपण संसारी माणसे. आपण कोणाकडे तरी धावलेलेच बरे.

आणि याला आता आपल्या गोव्यातलाच दाखला आहे. पर्वरीच्या ‘संगथ’ या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर एक अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बोलायला बसणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली इथलीच साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ती एवढेच करत: मन तयार होण्याची वाट न पाहता एखादे छोटे काम ठरवायचे, करायचे, आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचे. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा याची जोड मिळालेल्यांना तीन महिन्यांनी अधिक बरे वाटले. दोरी वळणारा देवदूत आरोग्य केंद्रात आला म्हणायचा.

त्या मुलीला मी सांगितले की पप्पांना कबुलीला नेण्याआधी चहा दे आणि त्यांच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत जा. सोमवारची मरगळ मंगळवार-बुधवारी उतरत असेल तर एवढे पुरते. दोन आठवडे झाले तरी उतरत नसेल, झोप-जेवण गेले असेल, जगणे नको वाटत असेल, तर तो आजार आहे, आणि त्याला डॉक्टर लागतो. बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. पाप नाही, लाज नाही.

आमच्या चर्चमध्ये सोमवारी संध्याकाळी तेर्सानंतर हॉल अर्धा तास उघडा असतो. चहा असतो, प्रवचन नसते. ज्यांना बोलायचे नसेल त्यांच्यासाठी खुर्च्या मांडण्याचे काम आहे. दोन माणसे कमी पडतात.